परसातला डोह

॥ कुलस्वामिनी प्रसन्न ॥

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

ही डायरी भोरच्या खताच्या दुकानातून मिळते. दरवर्षी हिच्यात मी फक्त हिशोब लिहिते. यंदा हिशोबाखाली जागा उरेल तिथे चार ओळी लिहीन म्हणते. मनात आलंय ते बोलून दाखवलं तर लोक हसतील, कागद हसत नाही.

काल संक्रांतीच्या निमित्ताने पानशेतला अक्काकडे गेले होते. अक्काचे मालक, कुंडलिकदाजी, तिथे पुण्याच्या एका माणसाचा बंगला राखतात. बंगल्यामागे निळा हौद आहे. त्यात एक बाई पोहत होती. वयाने माझ्याहून मोठी, केस पांढरे. पोहत कसली, उताणी पडली होती पाण्यावर, डोळे मिटून, जशी काय बाजेवर पडावी. मी धुणं वाळत घालायचं सोडून बघत बसले. अक्का म्हणाली, काय बघतीस, दर आठवड्याला येती.

येताना एसटीत डोक्यात एकच. आमच्या दारात आख्खं भाटघरचं धरण, आणि पाण्यावर पडायला येतं ते पुण्याच्या बाईला.

माधुरी, माझी धाकटी जाऊ, गेल्या साली घट बसायच्या आधी गोधड्या धुताना गेली. घट बसण्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं ही आपली रीत. धरण काठोकाठ होतं. भिजलेली गोधडी म्हणजे म्हशीचं वजन. तिच्या हातून सुटली, घसरत निघाली, आणि ती गोधडीच्या मागे गेली. सासूबाई घरी, काठावर आम्ही बायाच बाया. सगळ्या ओरडलो. मी लुगड्याचा पदर फेकला. पोहता एकीलाही येत नव्हतं. आमचे हे पट्टीचे पोहणारे, रानातून पळत आले, तिला बाहेर काढली, पण उशीर झाला होता. गोधडी दुसऱ्या दिवशी आपोआप काठाला लागली. स्वच्छ धुतलेली.

त्यानंतर गावाने काठावर पाटी लावली, 'महिलांनी पाण्यात उतरू नये.' पुरुषांचं पाटीवर काही नाही.

माधुरीची प्रेरणा अकराची. बाप शिरवळला कंपनीत, पोर माझ्यापाशी. आई गेल्यापासून तिने डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही. न्हायचं नाव काढलं की गोठ्यामागे लपते. ओल्या फडक्याने केस पुसून घेते. परवा बाईंनी शाळेतून निरोप धाडला, केसांचं बघा.

परसात हौद खणायचा. पोरीला पोहायला शिकवायचं. मी पण शिकायचं. लिहिलं बाई एकदाचं.

१९ जानेवारी

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बरं झालं. पुढच्या साली विमानतळ बांधू." आणि उठून गेले. माधुरी गेल्यापासून पाण्याचा विषय निघाला की हे उठतात. पूर्वी रोज संध्याकाळी धरणात पडायचे, आता बैलसुद्धा दुसऱ्याकडून धुऊन घेतात. आळस भरलाय अंगात.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, नाव धोंडाबाई, त्यांनी एवढंच विचारलं, "खणनार कुठं?" मी म्हटलं, गोठ्याच्या मागे, तिथे आडोसा आहे. तर म्हणाल्या, "तितं नगं." का ते सांगेनात. मिश्री लावत बसल्या. ह्या घरात मला 'नगं' खूप जणांनी सांगितलं, 'का' कुणी सांगितलं नाही. गोठ्यामागेच खणणार.

२ फेब्रुवारी

कुदळ मारली. आधी हळदीकुंकू, नारळ. मी आणि शेजारची फुलाबाई. फुलाबाईला दोन मुली आहेत, आणि त्या दिवशी ती पण काठावर होती. मी काही समजावून सांगायच्या आत ती टिकाव घेऊन आली.

दुपारी कोंडिबातात्या आले. गावात देवाचं पाहतात, त्यांचा शब्द लोक मोडत नाहीत. म्हणाले, मयताचं वर्ष सरलं नाही आणि दारात खड्डा खणता. माधुरीला पाण्यातल्या साती आसरांनी नेलं. पाण्याला घरात बोलवाल तर मागोमाग आसरा येतील, पोरीला नेतील. मी डोक्यावर पदर घेऊन ऐकलं. देवाच्या माणसाला उलट बोलू नये.

ते गेल्यावर फुलाबाई म्हणाली, "ताई, थांबायचं का?"

मी म्हटलं, "पदर घेतला, कुदळ कुठं ठिवली?"

रात्री झोप आली नाही हे पण लिहिते. खरंच पोरीला काही झालं तर.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. उपास धरून माती उपसली. खड्डा आता लांबीला आमच्या ओसरीएवढा. एका बाजूला गुडघाभर, उतरत उतरत दुसऱ्या बाजूला माझ्या छातीपर्यंत. खोल बाजूला पोरीची हनुवटी वर राहावी एवढं धरलं. उतरायला पायऱ्या खणल्या होत्या, त्या सकाळी पाहते तर कुणीतरी तासून गोल केलेल्या, धार कुठेच नाही. फुलाबाई म्हणते तिने नाही केल्या. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "माती ढासळली असंल." माती ढासळते ती अशी, पाटा-वरवंट्यासारखी?

मधोमध आडवा जाड दोराचा नाडाही बांधलेला, आंब्यापासून खांबापर्यंत, हाताला येईल असा. ते मात्र ह्यांनी कबूल केलं. वासरू बांधायला म्हणे. वासराला एवढा लांब नाडा कशाला, देव जाणे.

आत्यांचं वेगळंच. पांगाऱ्याच्या ओंडक्यांचा बिंडा कुठूनसा आणून पत्र्यावर वाळत घातलाय. सरपणाला म्हणे. पांगारा कधी सरपणाला कोण घेतं, कापसासारखा हलका, भुस्सकन जळून जातो. वय झालं त्यांचं.

३० मार्च, पाडवा

यंदा सण नाही, गुढी नाही. गुढीच्या जागी आज खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरला. फुलाबाईच्या दिराने शेततळ्याचा जुना कागद टाकून दिला होता, तो दोघींनी धुऊन आणला. भोकं होती तिथे जुन्या इस्त्रीने तापवून ठिगळं लावली. खाली चाळलेली माती आणि रिकामी पोती, खडा टोचू नये म्हणून. कडा चरात पुरल्या.

हिशोबात हा खर्च कशाखाली लिहायचा यावर बराच वेळ गेला. घरखर्च म्हणावा तर घरातलं कुणी मागितलं नाही. शेती म्हणावी तर पीक नाही. शेवटी 'देवधर्म' खाली लिहिला.

पाणी आत्ता भरायचं नाही. चैत्र-वैशाखात प्यायला पाणी पुरत नाही, आणि मी हौद भरला तर गाव शिव्या देईल, आणि योग्यच देईल. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी घ्यायचं.

१४ एप्रिल

खाली बौद्धवाडीत जयंतीची मिरवणूक झाली, प्रेरणा मैत्रिणीबरोबर जाऊन आली. तिथली माणसं आपला खड्डा बघायला यायचं म्हणतात, म्हणाली. येऊ देत.

आत्या रोज संध्याकाळी पोरीला घेऊन बसतात. घमेल्यात पाणी घ्यायचं, पोरीने तोंड खाली घालून फुंकर मारायची, बुडबुडे काढायचे. मग आत्या काढून दाखवतात. दोघी हसतात. आज पोरीने नाक बुडवलं. म्हातारपणी पोरखेळ, पण पोर हसते म्हणून मी बोलत नाही.

२४ मे

यंदा पाऊस भलताच लवकर आणि नुसता कोसळतोय. पत्र्याचं पाणी हौदात पडत होतं, मी मनात खूश होते.

आज सकाळी गोठ्यामागे गेले. हौदातला कागद वर आलाय. मधोमध फुगून उंच झालाय, खालून कुणीतरी पाठ वर करून बसावं तसा. हात लावला तर थुलथुल हलला. आणि हलला तो माझा हात काढल्यावरही हलत राहिला.

देवघरात जाऊन बसले.

२५ मे

गावभर झालं. लोक चिखल तुडवत बघायला आले. कोंडिबातात्यांनी लांबूनच हात जोडले. "सांगितलं व्हतं. आल्या त्या. आता उद्याच्या उद्या बुजवा." कुणीतरी म्हणालं, पोरीला तरी दुसरीकडे ठेवा. प्रेरणा माझ्या लुगड्याला धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं. आज परत घमेल्याजवळ गेली नाही. आत्यांनी हाक मारली तरी गेली नाही.

माणसं गेल्यावर हे खड्ड्याच्या काठावर बराच वेळ भिजत उभे होते.

मला भीती वाटते. खोटं कशाला लिहू. मी देव मानते, तसे आसराही मानते. पण एक कळत नाही. धरणात बाप्ये बुडत नाहीत का? ते बुडले की दारू प्यालेला असतो, गाळात पाय रुतलेला असतो. बाई बुडाली की लगेच आसरांनी नेलेली असते. म्हणजे शिकवायला नको.

२७ मे, अमावास्या

आसरांना ओटी घेऊन गेले. वरच्या बाजूला ओढ्यापाशी त्यांचे सात दगड आहेत. शेंदूर, हिरव्या बांगड्या, दहीभात. छत्री उलटी होत होती. पूजा झाल्यावर हात जोडले आणि घरी बसून जे जुळवलं होतं ते विसरले. तोंडाला आलं तेच बोलले.

म्हटलं, "बायांनो, माझी जाऊ तुमी नेली म्हणत्यात. मला पटत नाही. तुमी सातीजणी पाण्यात राहता, तुमाला पोहता येतं, आणि तुमी बुडणारीला बघत बसाल? तुमी आल्या असाल तर बसा माझ्या हौदात. तुमच्या देखत पोरीला शिकवीन. राग आला असंल तर मला न्या, तिच्याकडे बघू नका. पण खड्डा बुजवणार नाही."

बोलून झाल्यावर घाबरले. काही झालं नाही. पाऊस पडत राहिला.

घरी आले तर आत्या चुलीशी. कुठे गेले होते ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आसरा-बिसरा न्हाई. उपळ हाय तितं. लई पाऊस झाला की भुईतनं पाणी फुटतं. म्हणून म्हणलं व्हतं, तितं नगं."

मी म्हटलं, "आत्या, मग सांगायचं ना तेव्हाच."

"तू इचारलं कुठं. तू तर कुदळच घिऊन उठली."

बघा. चार महिने मी 'का' सांगत नाहीत म्हणून रागावले, आणि विचारलं होतं की नव्हतं ते आता मला आठवेना. विचारलं असावं. मिश्री चालली होती.

८ जून

तोड निघाली. कागदाखाली पाणी कोंडलं, वरून पाण्याचं वजन नाही, म्हणून कागद उचलला. तेव्हा हौदाच्या वरच्या अंगाला खोल चर खणायचा, त्यात दगडगोटे भरायचे, उपळीचं पाणी तिथेच अडवायचं आणि पाईपाने हौदातच सोडायचं. जे पाणी कागद उचलत होतं तेच आता कागदाला दाबून धरणार.

चर ह्यांनी खणला. कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे उठून गेले ते न्याहारीला पण आले नाहीत. मी भाकरी घेऊन गेले तर कंबरभर चिखलात. म्हणाले, "पोरीची हनुवटी म्हणलीस ना? त्याच्यापेक्षा चार बोटं कमीच भर." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला तिला शिकवायला नाही जमायचं. पाण्यात उतरलो की ती हाताला लागती." मी भाकरीवरचं फडकं काढून ठेवलं आणि परत आले.

आळस म्हणत होते मी.

१९ जून

हौद भरला. पाणी आधी चहासारखं, मग तुरटी फिरवली, दोन दिवसांत तळाची ठिगळं मोजता येतील इतकं नितळ. एका बाजूने उपळीचं येतं, दुसऱ्या बाजूने केळीला जातं. थेंब वाया नाही. पानशेतचा हौद निळा आहे, आमचा काळा. फुलाबाई म्हणते, "काळा तर काळा, विठोबा काय निळा हाय?"

आज दोघी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि नाड्याला घट्ट धरून उभ्या राहिलो. पुढे काय करायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं. खणायच्या नादात शिकवणार कोण हे ठरवलंच नव्हतं.

२२ जून

पुन्हा उभ्या राहिलो.

२९ जुलै, नागपंचमी

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

सण नाही म्हणून झोके नाहीत, पुरण नाही. दुपारी मी आणि फुलाबाई नेहमीसारख्या नाडा धरून. पोर लांब, गोठ्याच्या भिंतीला टेकून. आत्या आल्या. नऊवारी घोट्यापासून वर खोचलेली, कासोटा घट्ट मारलेला, जशी रानात लावणीला मारतात. बगलेत पांगाऱ्याचा बिंडा. मला वाटलं पाय धुवायला आल्या.

पायरीवर उभं राहून त्यांनी पाणी ओंजळीत घेतलं, डोक्याला लावलं, आणि पडल्या. पडल्या म्हणजे, मी किंचाळले. पण त्या खाली गेल्याच नाहीत. हात दोनदा हलले, आणि त्या पलीकडच्या काठाला होत्या. तिथून वळल्या. उताण्या झाल्या. पांढरे केस पाण्यावर पसरले, आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

फुलाबाईच्या हातातून नाडा सुटला होता, तिला कळलंही नाही.

मी म्हटलं, "आत्या, तुमाला?"

म्हणाल्या, "म्हायेरी, इंजरला, आमचं घर नदीला लागून. समद्या पोरी पोहायच्या. हितं नांदायला आले, पयल्याच साली धरणात उतरले, तर मामंजी म्हणले, 'सून आणली का बेडकी?' गावात हसं झालं. तवापासनं न्हाई."

मग प्रेरणाला हाक मारली. "ये गं बेडके."

पोर हलली नाही. आत्यांनी परत नाही बोलवलं. पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढले, घमेल्यात काढायच्या तसे. परत काढले. तिसऱ्यांदा काढले तेव्हा पोर पायरीवर होती. गुडघाभर पाण्यात बसली. तोंड घातलं. बुडबुडे आले. वर आली ती केसांतून पाणी गळत, दहा महिन्यांनी डोक्यावरून पाणी गेलं तिच्या. रडली नाही. मी रडले.

संध्याकाळी आत्यांना चहा दिला. कपबशी तशीच धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माधुरी इचारायची मला, आत्या, तुमी येवढ्या पाण्याला भीत कशा न्हाई. म्या सांगितलं न्हाई." मग कपबशी खाली ठेवली. "शिकवलं असतं."

चहा निवला होता, तो परत तापवून आणला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. मग इतक्या मुली हौदावर आल्या की पाणी दिसेना. फुलाबाईच्या दोघी, बौद्धवाडीतल्या चौघी, मास्तरांची एक. आत्या काठीने पाण्यावर मारत हुकूम सोडतात. "पाणी धरू नगा, पाण्यावर पडा." मी आता कमरेला बिंडा बांधल्याशिवाय हौदाची लांबी जाते. बेडकीसारखीच जाते, पण जाते.

गावातून निरोप आला, बायकांचा हा तमाशा बंद करा. ह्यांनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, चहा घ्या आणि जा.

१९ सप्टेंबर

माधुरीचं वर्षश्राद्ध. तिच्या आवडीची मेथीची भाजी केली. कावळा लगेच शिवला. कोंडिबातात्या जेवायला होते. सुटलो म्हणाले, वर्ष नीट पार पडलं. मी वाढता वाढता म्हटलं, उद्या आम्ही गोधड्या धुवायला धरणावर जाणार आहोत. त्यांनी हात धुतला आणि उठले.

हौदावर धुता आल्या असत्या. फुलाबाई तेच म्हणत होती. पण मग हौद कशाला खणला? धरणाला भिऊन आयुष्यभर परसात धुवायला?

२० सप्टेंबर, शनिवार

गेलो. मी, आत्या, फुलाबाई, वाडीतल्या आणखी बाया, आणि प्रेरणा. धरण मागच्या सालासारखंच काठोकाठ. पाटीपाशी कोंडिबातात्या उभे होते, सोबत चार माणसं.

"सुलक्षणाबाई, पाटी वाचता येती ना?"

म्हटलं, "दहावी पास हाय, तात्या. वाचूनच पुढं आले."

त्यांनी आमच्या मागून आलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या खांद्यावर टेम्पोची फुगवलेली ट्यूब आणि नाड्याची गुंडाळी. हे वर्षात पहिल्यांदा त्या काठावर आले होते. झाडाला नाडा बांधायला लागले. तात्या बाजूला झाले.

गोधड्यांमध्ये माधुरीची ती पण होती. वर्षभर ट्रंकेत होती, अंगावर घ्यायची कुणाची छाती होत नव्हती. तिच्याच हातची, तिच्या लग्नातल्या साड्यांची. धुऊन पोरीला द्यायची असं मी ठरवलं होतं. असली शिवण आता कोण घालतं. वाया का घालवायची.

मीच धूत होते. दगडावर आपटली, पिळायला उचलली आणि सुटली. तशीच. त्याच उतारावर. पाण्यात गेली, आणि पसरली.

माझा पाय पुढे पडला. खरं लिहिते, विचार करून नाही पडला. हातातलं सुटलं की मागे जायचं, एवढंच अंगात आहे. चिंधी टाकवत नाही मला, ही तर गोधडी. दुसरा पाय पण पडला. नाडा मागे राहिला होता.

मागून प्रेरणा म्हणाली, "मोठी आई, जाऊ दे ती."

ओरडून नाही. दप्तर भरलं का विचारावं तशी.

मी थांबले. गोधडी हळूहळू लांब गेली, लाल काठ थोडा वेळ दिसला, मग जड होऊन खाली गेली. आत्यांनी हात जोडले. हे पाठ करून उभे होते, खांदे हलत होते.

मग पोर माझ्या बाजूने पाण्यात आली. नाडा धरून, छातीपर्यंत. माझा हात धरून मलाही नाड्यापाशी ओढलं. नाक दाबलं, डोकं बुडवलं, वर आली. आईने ज्या पाण्यात जीव सोडला त्यात न्हाली पोर.

सगळ्यांच्या गोधड्या धुऊन वाळत पडल्या तेव्हा मी परत उतरले. आता माझं पाण्यात काही राहिलं नव्हतं, हातात काही नव्हतं, धुवायचं काही नव्हतं. तात्यांची माणसं वर उभी राहून बघत होती. एका हाताने नाडा धरला, उताणी झाले आणि डोळे मिटले. पाणी कानात गेलं, आणि माणसांचं बोलणं ऐकू येईनासं झालं.

परवा घट बसतील. आजचा हिशोब:

गोधडी एक, गेली.
बायका जेवढ्या गेलो तेवढ्या परत आलो.